काटा कोणी हलवला?

आमच्या घरात रेडिओचा काटा कोण हलवतं, हा प्रश्न माझ्या लहानपणी रोज संध्याकाळी निघायचा. वडील फौजेतून निवृत्त होऊन आले ते लोखंडी ट्रंकेबरोबर कातडी कव्हरातला एक ट्रान्झिस्टर घेऊन आले. बातम्यांचं स्टेशन शोधत बसायला नको म्हणून त्यांनी काचेवर बरोबर त्या जागी तंबाखूच्या डबीतला चुना बोटाने टेकवून एक पांढरा ठिपका करून ठेवला होता. काटा ठिपक्यावर असला की बातम्या लागल्याच पाहिजेत, अशी शिस्त. पण संध्याकाळी मळ्यातून येऊन त्यांनी बटण फिरवलं की नुसती खरखर. काटा पार उजव्या टोकाला गेलेला असायचा.

"काटा कुनी हलिवला?"

मी धाकट्या भावाकडे बोट दाखवायची, तो माझ्याकडे. वडिलांना चौकशीत वेळ घालवायची सवय नव्हती, त्यामुळे दोघांनाही एकेक चापट मिळायची. आई चुलीपुढे भाकरी थापत असायची. तिथूनच ती म्हणायची, "पोरंच ती, हात लावायचीच." म्हणजे आमची बाजू घेतल्यासारखंही होई आणि आमच्यावर गुन्हा शाबीतही होई. भाऊ लबाड आहे हे मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं आणि पुढे कित्येक वर्षं त्याच्या कुठल्याच बोलण्यावर माझा पटकन विश्वास बसला नाही.

पुढे मला नोकरीही स्वभावाला साजेशी मिळाली. साताऱ्यात बँकेत सह्या ताडून बघायचं काम माझ्याकडे असे. समोरचा माणूस कितीही गोड बोलला तरी त्याच्या सहीतली वेलांटी बघायची, तोंड बघायचं नाही. निवृत्त झाले तरी ती सवय सुटली नाही. भाजीवाली कधी नव्हे ते जास्तीची कोथिंबीर द्यायला लागली, तर मी आधी पालेभाजी उलटी करून बघते.

त्यामुळे गेल्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला आणि ती गावी भावजयीच्या हातात राहिली, तेव्हा मी स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. भाऊ पुण्यात एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे, सुट्टी मिळेल तसा येतो. घरी आई आणि भावजय दोघीच. गाव वाळवा तालुक्यात, चहूबाजूंनी ऊस, शेजारचं घरसुद्धा हाकेच्या अंतरावर नाही. तिथे बंद दाराआड काय चालतं ते कोण बघणार?

झटक्यात आईचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. अगदी मुकी झाली नाही, पण जे बोले ते जड जिभेने, अर्धवट. डॉक्टर म्हणाले, आलं तर येईल हळूहळू. त्या बडबडीतले दोन-तीन शब्दच काय ते आम्हाला कळायचे. त्यातलं एक वाक्य मात्र स्पष्ट होतं, आणि माझ्या सगळ्या संशयाची सुरुवात त्या वाक्यापासून झाली.

आईला दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसायला आयुष्यभर आवडायचं. आताही भावजय तिला सकाळी तिथे उशी लावून बसवायची. पण कोणी समोर आलं, की आई त्याच्या तोंडाकडे बघून म्हणायची, "उठा, आत ने." दूधवाला आला, उठा आत ने. वाटेने जाणारी म्हातारी टेकायला आली, उठा आत ने. मग भावजय हातातलं काम टाकून यायची, काखेत हात घालून तिला उठवायची आणि आत पलंगावर नेऊन बसवायची.

मी पहिल्यांदा गेले आणि तिच्याजवळ बसले, तेव्हा माझा हात धरून मलाही ती तेच म्हणाली. पोटची मुलगी साताऱ्याहून एसटीचे धक्के खात आली, आणि ही म्हणते मला आत ने! मी तिला उठवायला लागले तर तिने अंग जड केलं. पाय उचलेना. डोळ्यांत पाणी आलं. तोंडाने आत ने म्हणायचं आणि अंगाने जायचं नाही, ही काय भानगड?

मी भावजयीला विचारलं, "ही माणसांना घाबरते का गं?"

"काय की वन्सं. सारखं तेच म्हनत्यात. मी आपली नेती."

"घरात कोणी काही बोललं का तिला?"

"घरात हाय कोन दुसरं? मीच हाय," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

तेच तर मी म्हणत होते. दुसरं कोण आहे? मी हिशेब जुळवला. बाहेर बसलीस तर बघ, कोणाशी बोललीस तर बघ, असं हिने दटावलेलं असणार. म्हणून माणूस दिसलं की म्हातारी स्वतःच आत न्या म्हणते. आणि मनातून जायचं नसतं म्हणून पाय जड करते. इतकं चपखल बसलं की मला स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटलं. त्या वाक्यात एक खोट होती, ती मात्र मला दिसली नाही. "उठा" मानाचं आणि "ने" एकेरी, असं एका दमात कोणी बोलतं का? पण झटका आलेल्या माणसाचं व्याकरण कोण तपासणार?

भाऊ फोनवर म्हणाला, "आक्का, तुझ्या डोक्यात कायम काहीतरी असतंय." पण मी ठरवून टाकलं होतं. आईला साताऱ्याला न्यायचं. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. एकदा वर नेली की खाली आणणं अवघड, हे मला दिसत होतं. तरी इथे धाकात राहण्यापेक्षा ते बरं.

अडचण एकच. जायचं म्हटलं की आई डावा हात भिंतीतल्या फळीकडे करायची आणि म्हणायची, "रेडू." फळीवर वडिलांचा ट्रान्झिस्टर होता. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून तो तिथेच पडून होता. निदान मी तसं समजत होते. मी तिला म्हटलं, "दुरुस्त करून आणते, मग येशील माझ्याबरोबर?" तिने मान हलवली. ती हो होती की नाही, ते मी माझ्या सोयीने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रेडिओ पिशवीत घालून सांगलीला गेले. जाताना भावजयीला सांगितलं, चारला गाडी येईल, आईची बॅग भरून ठेव. ती "बरं" म्हणाली. एवढंच. रडणं नाही, थांबा म्हणणं नाही. सुटली बिचारी, असं मी मनात म्हटलं.

सांगलीत पेठेतल्या एका बोळात रेडिओवाला सापडला. म्हणजे आता तो मोबाईलवाला, रेडिओची पाटी नुसती उतरवायची राहिलेली. त्याने कव्हर बघून तोंड वाकडं केलं.

"ठेवून जावा म्याडम. उद्या या."

"मी बसते," म्हटलं.

"वेळ लागंल."

"लागू दे."

मला असल्या लोकांची रीत माहीत आहे. जुन्या वस्तूतला चांगला माल काढायचा आणि आत काहीतरी हलकं बसवायचं. त्याने मागचं झाकण उघडल्याबरोबर मी मोबाईल काढून आतले फोटो घेतले, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. तो बघत राहिला.

"आवं, ह्यात चोरन्यासारखं काय हाय? भंगारवालाबी हात न्हाई लावायचा."

"असू दे," मी म्हटलं.

आतून हिरवट पांढरी भुकटी सांडली. सेल फुटून गळले होते आणि त्यांनी पत्र्याच्या पट्ट्या खाऊन टाकल्या होत्या. त्याने सेल उपसून कागदावर ठेवले. मी चष्मा लावून एक उचलला. गंजला होता, पण छपाई वाचता येत होती. वडील गेले त्याच्या कितीतरी नंतरचा तो सेल होता! म्हणजे वडिलांच्या माघारी कोणीतरी रेडिओ लावत होतं, आणि ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिथूनच भावजयीला फोन लावला.

"रेडिओत सेल कोणी घातले गं?"

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग, "मला काय म्हाईत, वन्सं."

खोटं बोलणाऱ्याला उत्तरापूर्वी जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ तिला लागला होता. मी सेल रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.

रेडिओवाल्याने पट्ट्या घासल्या, एक नवी बसवली, काटा ओढणारा दोरा तुटला होता तो दुसरा ओवला, आवाजाच्या बटणात काहीतरी फवारलं. मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. पण चहावाला आला आणि मी ग्लास घ्यायला वळले, तेवढ्यात त्याने फडकं घेऊन काच पुसली. लख्ख. चुन्याचा ठिपका गेला.

"अहो, ते काय केलंत!"

"काय केलं? घान हुती ती पुसली."

"तो चुना होता. माझ्या वडिलांनी लावलेला."

"चुना व्हय? मला वाटलं पाखराचं काय तर."

मला भयंकर राग आला. काचेवरचं वडिलांचं बोट होतं ते. एवढी वर्षं टिकलं आणि ह्याच्या एका फडक्याने गेलं. तो मात्र नवे सेल घालून बटण फिरवण्यात गुंग. खरखर, एक शिट्टी, कुठल्याशा गाण्याचा तुकडा, पुन्हा खरखर. "हितं शटर लोखंडी हाय, धरत न्हाई. घरी लागंल," म्हणाला. मी म्हटलं, लागला नाही तर परत येऊन इथेच बसेन. "बसा की," तो म्हणाला, "बाकडं आपलंच हाय."

घरी पोचले तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती. आई कट्ट्यावर होती, तिला भरवून झालं होतं. भावजयीने मला गरम भाकरी करून वाढली. मी जेवता जेवता घर न्याहाळत होते. आईची बॅग दाराशी भरून ठेवलेली, वर तिची शाल घडी करून. औषधं वेगळ्या डब्यात, प्रत्येक पट्टीवर सकाळ-संध्याकाळ असं पेनाने लिहिलेलं. नणंदेला दाखवायला केलेला नीटनेटकेपणा, असं मी म्हटलं आणि हात धुतले.

मग रेडिओ घेऊन बाहेर आले आणि आईच्या मांडीवर ठेवला. भावजय कट्ट्याखाली सूप घेऊन शेंगा फोडायला बसली. मी बटण फिरवलं, काटा जिथे ठिपका होता तिथे अंदाजाने नेला. खरखर. जरा इकडे, जरा तिकडे, खरखरच. फसवलं मेल्याने, मी म्हटलं. माझे फोटो उगीच नव्हते. परत सांगलीला जावं लागणार, म्हणून मी मनातल्या मनात भांडण जुळवू लागले.

तेवढ्यात आईचा डावा हात पुढे आला. तिने माझा हात बाजूला सारला, बटणावर बोटं ठेवली आणि सावकाश काटा न्यायला लागली. डाव्या हाताने तिला घास उचलता येत नव्हता. पण काटा कुठेही न अडखळता सरळ उजव्या टोकाला गेला आणि तिथे जराशी मागेपुढे करून तिने हात काढला. आवाज स्वच्छ लागला. कर्नाटकातलं कुठलंसं स्टेशन, कानडी बोलणं चाललेलं. दोन बाया आणि एक पुरुष, नाटक असावं किंवा गावगप्पा. आई रेडिओकडे बघून हसत होती. झटक्यानंतर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

आईचं माहेर जत तालुक्यातलं, सीमेवरचं. तिकडे कानडी बोलतात हे मला माहीत होतं. पण आम्ही सुट्टीत जायचो तेव्हा मामा आमच्याशी मराठीच बोलायचे, आणि आईच्या तोंडून तर मी जन्मात कानडी शब्द ऐकला नव्हता. तिला ते येत असेल असं कधी डोक्यातच आलं नाही. मी हे सगळं एकमेकांना लावत होते, तेवढ्यात आवाज आला.

"उठा, आत ने."

भावजयीने सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले, उठली आणि आईच्या काखेत हात घातला. "चला आत्या."

आई हलली नाही. भावजय तशीच वाकलेली थांबली. मग हळूच मान वळवून तिने माझ्याकडे बघितलं.

"वन्सं, आत्या कुठं बोलल्या?"

आईचं तोंड मिटलेलं होतं. आवाज रेडिओतून आला होता. आम्ही दोघी त्या खोक्याकडे बघत राहिलो, आणि आतली बाई पुन्हा तेच म्हणाली, या वेळी सावकाश. "ऊटा आतेन री?" पुरुषाने काहीतरी उत्तर दिलं आणि त्यांचं बोलणं पुढे चाललं.

मी मामांना फोन लावला. आईचा हा धाकटा भाऊ. गुडघे गेल्यामुळे जतहून त्यांना येता आलं नव्हतं. ते फोनवर चौकशी करायचे आणि आम्ही सांगायचो, बोलता येत नाही. मी विचारलं, "मामा, ऊटा आतेन म्हणजे काय हो?"

"आगं, ऊटा म्हंजे जेवान. जेवान झालं का, आसं इचारत्यात आमच्याकडं. मान्सू दिसलं की पैलं तेच. का गं?"

मी फोन आईच्या कानाला लावला. पलीकडून मामा काय म्हणाले कळलं नाही, पण आई बोलायला लागली. जड जिभेनेच, पण एकामागून एक, सलग. आम्ही जिला वर्षभर बडबड म्हणत होतो, तिला पलीकडचा माणूस हूं हूं करत उत्तरं देत होता. मी फोन परत घेतला तेव्हा मामांचा आवाज घोगरा झाला होता. म्हणाले, "लगीन झालं तवा तुझ्या आजीनं, तिच्या सासूनं, पैल्याच दिशी सांगिटल्यालं, ह्या घरात कानडी चालायचं न्हाई. आमीबी मग तुमच्यापुढं कवा बोललो न्हाई. तिला लय दिसांनी ऐकली बग."

मी काट्याकडे बघितलं. उजव्या टोकाला. दुपारी वडील मळ्यात, आम्ही शाळेत, आजी निजलेली. पोरंच ती, हात लावायचीच! भावाला फोन करून त्याला लबाडीच्या आरोपातून मोकळं करावं असं वाटलं, पण त्याला आधी सगळी गोष्ट सांगावी लागली असती. मला हसू आलं आणि ते हसू नीट आलं नाही, मध्येच फाटलं.

भावजय कट्ट्याच्या कडेला उभी होती. "सेल मीच आनून द्यायची," ती म्हणाली. "झटक्याच्या आधी. दुपारी मी मळ्यात निघाले की लावायच्या. काय ऐकायच्या ते मला न्हाई ठावं. वन्सास्नी सांगू नगं म्हनल्या हुत्या, त्या लय इचारत बसत्यात म्हनून." आणि मग खाली बघत, "म्हंजे ह्या मला रोज जेवलीस का म्हनत हुत्या, आनि मी रोज ह्यांना उचलून आत टाकत हुते."

मी गाडीवाल्याला फोन करून येऊ नको म्हटलं. तो चिडला, आगाऊ सांगायचं नाही का म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. रेडिओवर आता बाजारभावासारखं काहीतरी लागलं होतं, आई तेही मान हलवत ऐकत होती. मग तिने तोंड वर केलं. तिच्याजवळ मी बसले होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. भावजयीकडे बघत होती.

"ऊटा आतेन?"

भावजयीने सवयीने हात पुढे केला आणि मागे घेतला. आईला भरवून, माझ्या भाकऱ्या करून, बॅग भरून ती शेंगा घेऊन बसली होती. ती मला वाढत होती तेव्हा चुलीपाशी तिच्या वाटणीच्या भाकरीची दुरडी दिसली होती, तशीच झाकलेली.

"न्हाई आत्या," ती म्हणाली. "आजून न्हाई." आणि आईच्या पायाशी खाली बसली. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात तिला हे कोणी विचारल्याचं मला आठवेना. मी तर तासापूर्वीच तिच्या हातची गरम भाकरी खाऊन तिच्यावरच संशय घेत होते.

मग मी उठले आणि आत गेले, तिचं ताट वाढून आणायला.